यादीत नाव कोणाचं?
न्यू कॅलेडोनियाच्या निवडणुका आणि विधिमंडळ : प्रस्तावना

नूमेआतल्या एखाद्या दवाखान्यात तीन माणसं एकत्र काम करताहेत, असं समजा. एक परिचारिका कनाक, म्हणजे बेटावरच्या मूळ समाजातली; जन्म तिथलाच. दुसरा तंत्रज्ञ १९९६ मध्ये लिआँहून आला, आल्या आल्या मतदारयादीत नाव घातलं आणि तिथलाच होऊन गेला. तिसऱ्या डॉक्टरीणबाई २००३ मध्ये पॅरिसहून आल्या. घर, संसार, कर, सगळं नूमेआत. तिघांचाही पासपोर्ट फ्रेंच. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिघंही मत देतात आणि नगराध्यक्ष निवडतानाही तिघंही रांगेत असतात. पण प्रांताची निवडणूक आली की डॉक्टरीणबाई घरी बसतात. स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या दिवशी त्यांच्या जोडीला तंत्रज्ञही घरीच. सगळ्या निवडणुकांत मत आहे ते फक्त परिचारिकेला.

एका देशाचे तीन नागरिक, एकाच गावात राहणारे, आणि मतदारयाद्या तीन. न्यू कॅलेडोनियाच्या राजकारणात शिरायचं तर या तीन याद्यांच्या दारातूनच शिरावं लागतं. विधिमंडळाची रचना, सरकार बनवण्याची रीत, पक्ष आणि आघाड्या यांबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईलच. पण ती सगळी यंत्रणा एका भांडणावर उभी आहे, आणि ते भांडण मत कोणाला द्यायचं याचं नाही. मत द्यायचा हक्क कोणाचा, याचं आहे.

न्यू कॅलेडोनिया ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात. ग्रांद तेर हे मुख्य बेट सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि जेमतेम ५० किलोमीटर रुंद. पूर्वेला लॉयल्टी बेटांची ओळ, दक्षिणेला इल दे पॅं. पॅरिसपासून अंतर सुमारे १७ हजार किलोमीटर. नूमेआत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पॅरिसमध्ये हिवाळ्यात सकाळचे आठ. २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्या २,७१,४०७ भरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यांत कनाक सुमारे ४१ टक्के, स्वतःला युरोपीय म्हणवणारे सुमारे २४ टक्के. उरलेल्यांत वालिस-फुतुना बेटांवरून आलेले, ताहितीचे, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधून खाणमजूर म्हणून आणलेल्यांचे वंशज, आणि मिश्र. कोणालाच निर्विवाद बहुमत नाही. जमिनीखाली मात्र जगातल्या मोठ्या निकेलसाठ्यांपैकी एक.

फ्रान्सने हा मुलूख २४ सप्टेंबर १८५३ रोजी ताब्यात घेतला. १८६४ पासून १८९७ पर्यंत तिथे सक्तमजुरीचे कैदी पाठवले. आपल्याला अंदमान आठवेल. सुटलेल्या कैद्यांना इथे जमिनी देऊन वसवलं गेलं, आणि त्या जमिनी कनाकांच्या होत्या. कनाकांना राखीव टापूंत कोंबण्यात आलं. १८८७ पासून त्यांच्यावर वेगळी ‘देशी’ कायदेव्यवस्था लादली होती, ती उठली १९४६ मध्ये. नागरिकत्व आलं, पण मताचा हक्क हप्त्याहप्त्याने मिळाला. सगळ्या प्रौढ कनाकांची नावं यादीत यायला १९५७ उजाडलं. म्हणजे तिथली कनाक आजी ‘मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा’ असं सांगू लागली, तर ती इतिहासातली गोष्ट सांगत नसते. स्वतःच्या तरुणपणाची सांगत असते.

मत मिळालं आणि पाठोपाठ त्याचं वजन घटू लागलं. १९५६ च्या कायद्याने वसाहतींना बरीच स्वायत्तता मिळाली होती; १९५७ मध्ये निवडून आलेल्या सभेच्या हाती खरीखुरी सत्ता आली होती. १९६३ मध्ये पॅरिसने तिच्यातला मोठा हिस्सा काढून घेतला. साठच्या दशकाच्या शेवटी निकेलचा भाव चढला, खाणी आणि भट्ट्यांसाठी माणसं हवी झाली, आणि फ्रान्समधून व इतर बेटांवरून लोकांचा ओघ लागला. १९७२ मध्ये पंतप्रधान पिएर मेसमेर यांनी आपल्या एका मंत्र्याला पत्र लिहिलं. स्थानिकांच्या राष्ट्रवादी मागणीला लांब पल्ल्यात एकच उतारा, तो म्हणजे फ्रेंच नागरिकांचं मोठ्या प्रमाणावर स्थलांतर, असा त्या पत्राचा आशय. वसाहतवाले असा विचार करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते इतक्या स्वच्छ शब्दांत कागदावर क्वचित सापडतं. तेव्हापासून विमानतळावर उतरणारा प्रत्येक नवा माणूस कनाकांच्या हिशेबात एक विरोधी मत ठरला.

याच हिशेबातून १८ नोव्हेंबर १९८४ चा दिवस उगवला. प्रादेशिक सभेची निवडणूक होती. स्वातंत्र्यवाद्यांनी नुकतीच एफएलएनकेएस ही आघाडी उभी करून बहिष्कार पुकारला होता. पूर्व किनाऱ्यावरच्या कनाला गावात एलुआ माशोरो हा पूर्वाश्रमीचा शिक्षक मतदान केंद्रात शिरला आणि त्याने कुऱ्हाडीने मतपेटी फोडली. त्या क्षणाचा फोटो जगभर गेला. दोन महिन्यांच्या आत, १२ जानेवारी १९८५ रोजी, फ्रेंच सशस्त्र पोलिसांच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. मतपेटी फोडणारा तो लोकशाहीचा शत्रू, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माशोरोचा राग मतदानावर नव्हता. निकाल आधीच ठरावा अशा बेताने तयार केलेल्या यादीवर होता.

त्याच्याच बाजूच्या लोकांनी वर्षभरापूर्वी केलेलं एक काम मात्र फोटोइतकं गाजलं नाही. जुलै १९८३ मध्ये पॅरिसजवळच्या नेंव्हिल-ले-रोश इथे बैठक झाली. फ्रान्सने कनाकांचा स्वातंत्र्याचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला. कनाक नेत्यांनी त्या बदल्यात एक गोष्ट कबूल केली : कैद्यांचे, मजुरांचे, जुन्या वसाहतवाल्यांचे जे वंशज पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत, तेही इतिहासाचे बळी आहेत आणि आत्मनिर्णयाच्या मतदानात त्यांनाही वाटा आहे. वसाहतीखाली भरडलेल्या समाजाने आपण होऊन आपल्या मताचा वाटा असा पुढे केल्याची उदाहरणं फार नाहीत. माझ्या मते पुढच्या सगळ्या करारांचं बीज इथे आहे. नंतरच्या वाटाघाटी झाल्या त्या या वाटेकऱ्यांत कोण बसतं आणि कोण नाही, एवढ्यावरच.

१३ सप्टेंबर १९८७ च्या सार्वमतात तीन वर्षांचा रहिवास पुरेसा धरला गेला. स्वातंत्र्यवाद्यांनी पुन्हा बहिष्कार घातला. फ्रान्समध्ये राहण्याच्या बाजूने ९८ टक्के मतं पडली, आणि त्या आकड्याने काहीच सुटलं नाही. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी आणि बेटांची प्रादेशिक निवडणूक एकाच दिवशी ठेवलेली. दोन दिवस आधी उवेआ बेटावर स्वातंत्र्यवाद्यांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला; चार पोलीस मारले गेले, बाकीच्यांना ओलीस धरून गुहेत नेलं. दुसऱ्या फेरीच्या तीन दिवस आधी, ५ मेला, सैन्याने गुहेवर धाड घातली. १९ कनाक आणि २ सैनिक ठार झाले. पॅरिसमधल्या निवडणुकीच्या वेळापत्रकाने सतरा हजार किलोमीटरवरच्या माणसांचं आयुष्य किती ठरवावं, याचं याहून कडू उदाहरण माझ्या वाचनात नाही.

नवे पंतप्रधान मिशेल रोकार यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. २६ जून १९८८ रोजी मातिन्याँ करार झाला. स्वातंत्र्यवाद्यांचे नेते झाँ-मारी चिबाऊ आणि फ्रान्सनिष्ठांचे जाक लाफ्लर यांनी हात मिळवले. चिबाऊंना तो हात फार महाग पडला. ४ मे १९८९ रोजी उवेआच्या मृतांच्या स्मरणविधीला गेले असताना, कराराला विरोध असलेल्या एका कनाकानेच त्यांना गोळी घातली. करार मात्र टिकला. त्यातून तीन प्रांत उभे राहिले, आणि १९९८ च्या नूमेआ कराराने त्यांवर आजची इमारत चढवली.

ही इमारत हुशारीने बांधलेली आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

मतदार आधी आपापल्या प्रांताची सभा निवडतात. दक्षिण प्रांताचे ४०, उत्तरेचे २२, लॉयल्टी बेटांचे १४ सदस्य. त्यांपैकी यादीत वरच्या क्रमाने निवडून आलेले ३२, १५ आणि ७ जण मिळून ५४ जणांचं मध्यवर्ती विधिमंडळ बनतं. त्याचं नाव काँग्रेस. आपल्या वाचकाने पक्ष मनात आणू नये. निवडणूक पक्षांच्या याद्यांची असते, जागा प्रमाणात वाटल्या जातात, आणि नोंदलेल्या मतदारांपैकी निदान ५ टक्क्यांची मतं न मिळवणारी यादी बाद होते. झालेल्या मतांच्या नव्हे, नोंदलेल्या मतदारांच्या ५ टक्के; मतदान कमी झालं की हा उंबरठा आपोआप उंच होतो, आणि किरकोळ पक्ष तिथेच ठेचकाळतात. फ्रान्सच्या २००० सालच्या कायद्यानुसार यादीत स्त्री-पुरुष एकाआड एक हवेत. त्याचा परिणाम २००४ मध्ये लगेच दिसला : सरकारच्या अध्यक्ष मारी-नोएल तेमेरो आणि उपाध्यक्ष देवे गोरोदे, म्हणजे वरची दोन्ही पदं बायकांकडे. गोरोदे या कनाक कवयित्री आणि कादंबरीकार होत्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही जाऊन आलेल्या.

जागांच्या वाटणीत मुद्दाम ठेवलेला कल आहे. २०१९ च्या जनगणनेवरून हिशेब मांडा : दक्षिणेत काँग्रेसच्या एका जागेमागे सुमारे ६,३०० माणसं, उत्तरेत सुमारे ३,३००, लॉयल्टी बेटांत सुमारे २,६००. तीन चतुर्थांश लोकसंख्या असलेल्या दक्षिणेला साठ टक्क्यांहून कमी जागा. पैशाचंही तसंच. प्रांतांच्या चालू खर्चासाठी मिळणाऱ्या निधीत दक्षिणेला ५० टक्के, उत्तरेला ३२, बेटांना १८. बांधकामं आणि भांडवली कामांच्या निधीत ४०, ४० आणि २०. उत्तर प्रांत आणि बेटं कनाक बहुसंख्य, दक्षिण बिगरकनाक बहुसंख्य. एका माणसाला एक मत हे तत्त्व इथे जाणूनबुजून वाकवलंय, शंभर वर्षं एका बाजूला वाकलेलं सरळ करण्यासाठी. फ्रान्सनिष्ठ पक्षांना ही वाटणी डाचते, आणि दर वाटाघाटीत ते तिचा विषय काढतात.

सरकारची रीत आणखी वेगळी. बहुमतवाल्याने सगळी खाती घ्यायची आणि उरलेल्यांनी विरोधी बाकांवर बसायचं, हा प्रकारच नाही. काँग्रेस पाच ते अकरा जणांचं सरकार प्रमाणबद्ध पद्धतीने निवडते. म्हणजे ज्या गटाचं काँग्रेसमध्ये जेवढं बळ, तेवढे त्याचे मंत्री. स्वातंत्र्यवादी आणि फ्रान्सनिष्ठ एकाच टेबलाभोवती बसतात, निर्णय तिथे मताला टाकतात, आणि अध्यक्ष आपल्यातूनच निवडतात. एकत्र कुटुंबात भाऊबंदकी कितीही असो, स्वयंपाकघर एकच ठेवायचं, तशातला हा प्रकार.

त्याचे ताणही तसेच. एखाद्या यादीतले सगळे मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले आणि मागे त्या यादीत कोणी शिल्लक राहिलं नाही, की पूर्ण सरकार पडतं. २०११ मध्ये फ्रेंच आणि कनाक असे दोन झेंडे एकत्र फडकवण्याच्या वादात या नियमाचा इतका फायदा घेतला गेला, की सरकार निवडलं की लगेच राजीनामे, पुन्हा निवड, पुन्हा राजीनामे असं सत्र चाललं. शेवटी पॅरिसने कायदा बदलून नव्या सरकारला १८ महिन्यांचं अभय दिलं. २०२१ ची गोष्ट आणखी मजेशीर. फेब्रुवारीत निवडलेल्या सरकारात अकरापैकी सहा जागा प्रथमच स्वातंत्र्यवाद्यांना मिळाल्या. बहुमत हाती, आणि अध्यक्ष कोण यावर त्यांच्याच दोन गटांचं एकमत होईना. जवळजवळ पाच महिने सरकार बिनअध्यक्षांचं राहिलं. जुलैमध्ये लुई मापू निवडले गेले.

त्या सहा जागा आल्या कुठून? २०१९ च्या निवडणुकीत काँग्रेसमध्ये स्वातंत्र्यवादी २६ आणि फ्रान्सनिष्ठ २५ झाले. मधल्या तीन जागा एव्हेय ओसेआनियाँ या नव्या पक्षाच्या, ज्याचा आधार प्रामुख्याने वालिस-फुतुनाहून आलेल्या कुटुंबांत आहे. वर्षानुवर्षं ही मंडळी फ्रान्सनिष्ठांच्या खिशात धरली जात होती. तीन जागांच्या बळावर त्यांनी काँग्रेसचं अध्यक्षपद स्वातंत्र्यवादी रॉक वामितान यांना मिळवून दिलं, आणि पुढे सरकारचंही गणित फिरवलं. कनाक विरुद्ध गोरे असं दोन रंगांचं चित्र काढणाऱ्यांनी हा निकाल जवळून पाहावा.

आणि ही काँग्रेस नुसती नगरपालिका नव्हे. तिने पूर्ण सदस्यसंख्येच्या बहुमताने, म्हणजे निदान २८ मतांनी, केलेल्या ‘देशाच्या कायद्यां’ना फ्रेंच संसदेच्या कायद्यासारखंच बळ आहे, ते रद्द करायचे तर फ्रान्सच्या संविधान परिषदेकडेच जावं लागतं. पॅसिफिकमधल्याच फ्रेंच पॉलिनेशियातही त्याच नावाचे कायदे होतात, पण तिथे त्यांची किंमत प्रशासकीय आदेशाएवढी. कर, कामगार कायदे, आरोग्य, परकी व्यापार, शाळा एकेक करत इकडे आलं, आणि करारानुसार एकदा दिलेला अधिकार परत घेता येत नाही. पॅरिसकडे उरलं ते संरक्षण, कायदा-सुव्यवस्था, न्याय, चलन आणि परराष्ट्र धोरणाचा गाभा. कनाक रूढी, जमीन, नातेसंबंध यांवरच्या कायद्यांसाठी सोळा जणांचं वेगळं रूढी-सिनेट आहे, आठ रूढीक्षेत्रांतून दोन-दोन. त्याच्या शब्दाला मान आहे, अखेरचा शब्द काँग्रेसचा.

मतदानाचा दिवस फ्रेंच शिस्तीचा. आपल्याकडच्यासारखं यंत्र नाही, बोटाला शाई नाही. टेबलावर प्रत्येक यादीच्या छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे. मतदार निरनिराळ्या चिठ्ठ्या उचलतो, म्हणजे कल कळू नये. पडद्याआड जाऊन हवी ती चिठ्ठी लिफाफ्यात घालतो, बाकीच्या चुरगळून टाकतो. ओळखपत्र दाखवून लिफाफा पारदर्शक पेटीत सोडला की केंद्राध्यक्ष मोठ्याने पुकारतो, ‘मत दिलं!’ मग मतदार यादीत आपल्या नावासमोर सही करतो. मोजणी त्याच खोलीत, सगळ्यांदेखत. लिफाफ्यांचे शंभर-शंभरांचे गठ्ठे. एका टेबलावर चार जण, एक उघडणार, एक वाचणार, दोघं टिपणार. बेटांवरचे बरेच कनाक कामासाठी नूमेआत राहतात पण नाव गावच्या यादीत ठेवतात, कारण गाव म्हणजे कुळ. सार्वमतांच्या वेळी त्यांच्यासाठी नूमेआतच वेगळी केंद्रं उघडली गेली.

आता पुन्हा यादीकडे. नूमेआ कराराने ‘न्यू कॅलेडोनियाचं नागरिकत्व’ ही फ्रेंच नागरिकत्वाच्या आतली एक चौकट आखली. प्रांताच्या निवडणुकीत मत द्यायचं तर दहा वर्षांचा रहिवास हवा. पण दहा वर्षं कधीपासूनची? कोणत्याही निवडणुकीपासून मागे मोजायची, की १९९८ पर्यंत येऊन पोचलेल्यांचीच? फ्रान्सनिष्ठ पहिला अर्थ धरत, स्वातंत्र्यवादी दुसरा. वाद स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला. तिथे २००५ मध्ये बेटांचा विशिष्ट इतिहास पाहता अशी मर्यादा चालेल, असा निकाल लागला. २००७ मध्ये फ्रान्सने थेट संविधान दुरुस्त करून यादी गोठवली : ८ नोव्हेंबर १९९८ पर्यंत जे आले ते, आणि त्यांची मुलं. सार्वमताची अट आणखी कडक. साधारण १९९४ अखेरच्या आधीपासून वास्तव्य.

आपल्या वाचकाला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. गोवाही कधीकाळी पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत म्हणून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी पाठवत असे. आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आधी, मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीयांनाही मत हवं, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. ३४ हजारांच्या फरकाने महाराष्ट्रातलं विलीनीकरण फेटाळलं गेलं. तिथे प्रश्न बाहेर गेलेल्यांचा होता, इथे आत आलेल्यांचा.

करारानुसार तीन सार्वमतं झाली. ४ नोव्हेंबर २०१८ ला ८१ टक्के मतदान. स्वातंत्र्य नको म्हणणारे ५६.६७ टक्के. ४ ऑक्टोबर २०२० ला जवळपास ८६ टक्के मतदान आणि ‘नको’ ५३.२६ टक्क्यांवर उतरलेलं. फरक दहा हजार मतांहूनही कमी. तिसऱ्याची धास्ती आणि आशा दोन्ही टोकाला पोचली होती. तेवढ्यात करोनाची लाट आली, कनाक घरांत मृत्यू झाले, रूढी-सिनेटने वर्षभराचा सुतकाचा काळ जाहीर केला, स्वातंत्र्यवाद्यांनी तारीख पुढे न्या म्हणून विनवलं. पॅरिसने १२ डिसेंबर २०२१ ही तारीख सोडली नाही, आणि स्वातंत्र्यवादी मतदानापासून दूर राहिले. मतदान ४३.८७ टक्के, ‘नको’ ९६.५ टक्के. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. पण १९८७ चा निकाल ज्यांना आठवत होता, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटला असणार. तारीख काही महिने पुढे नेली असती तर फ्रान्सचं काय बिघडलं असतं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

गोठवलेल्या यादीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. यादी थांबते, माणसं थांबत नाहीत. १९९८ मध्ये यादीबाहेरचे थोडे होते. २०२४ पर्यंत सर्वसाधारण यादीतला सुमारे पाचातला एक मतदार प्रांताच्या यादीबाहेर होता. त्यांत तिथेच जन्मलेले, पण आई-बाप दोघंही उशिरा आलेले, असे तरुणही आहेत. बेटावर जन्मून बेटाची सभा निवडता येऊ नये, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? कनाकांचा सवालही तेवढाच रोखठोक : सुमारे २५ हजार नवी नावं आली की आम्ही आमच्याच देशात पुन्हा पाहुणे.

या सवालाचं उत्तर देण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. एवढी कसबाने बांधलेली इमारत, पण तिच्या मुख्य दाराची किल्ली पॅरिसच्या संविधानात. आणि पॅरिसच्या ५७७ जणांच्या राष्ट्रीय सभेत बेटांचे प्रतिनिधी दोन. मतदारसंघ असे आखलेले, की नूमेआ शहराला लॉयल्टी बेटं जोडून टाकलेली. २०२४ च्या मे महिन्यात सभेपुढे दहा वर्षांच्या सरकत्या रहिवासाचं विधेयक आलं तेव्हा ते दोघंही फ्रान्सनिष्ठ होते. १३ मेला नूमेआ पेटलं. १४ आणि १५ मेच्या मधल्या रात्री राष्ट्रीय सभेने ३५१ विरुद्ध १५३ मतांनी विधेयक मंजूर केलं. आणीबाणी लागली, दुकानं आणि कारखाने जळाले, रस्तोरस्ती अडथळे उभे राहिले, चौदा जणांचे जीव गेले. अखेरच्या मंजुरीसाठी व्हर्सायला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक व्हायची होती, ती झालीच नाही. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जूनमध्ये राष्ट्रीय सभाच विसर्जित केली, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या पंतप्रधानांनी विधेयक पुढे रेटणार नसल्याचं सांगून टाकलं. मधल्या संसदीय निवडणुकीत एमॅन्युएल चिबाऊ, झाँ-मारींचे चिरंजीव, राष्ट्रीय सभेवर निवडून गेले. १९८६ नंतर तिथे पोचलेले ते पहिले स्वातंत्र्यवादी.

१२ जुलै २०२५ रोजी पॅरिसजवळच्या बुजिव्हाल इथे नवा करार झाला. फ्रान्सच्या आतच ‘न्यू कॅलेडोनियाचं राज्य’, त्याचं स्वतःचं राष्ट्रीयत्व, आणि खुली होणारी मतदारयादी, अशी त्याची मांडणी. महिन्याभरात एफएलएनकेएसने तो धुडकावला. ज्या प्रांतिक निवडणुका मे २०२४ मध्ये व्हायच्या होत्या, त्या आधी त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत, मग २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत, मग २०२६ च्या जूनपर्यंत पुढे ढकलल्या गेल्या, कारण कोणत्या यादीने निवडणूक घ्यायची हेच ठरत नव्हतं. २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी निवडलेले ५४ जण सहावं वर्ष उलटलं तरी त्याच बाकांवर बसून अंदाजपत्रकं मंजूर करत राहिले.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. याद्यांचं प्रकरण मात्र आधी वाचावं. त्याशिवाय काँग्रेसमधली एकही बेरीज जुळणार नाही.